एक क्लायंट, अठरा दुकानं आणि कोंबडीचं तोंड

३१ डिसेंबर, संध्याकाळ

आजच्या बारीकशा बिघाडाचा खरा खर्च: अननसाच्या केकचे सहा डबे, सहा चिडलेल्या ऑफिसांना, वाकून माफीसकट. पेंगताईच्या स्वयंपाकघरात उभ्याने खाल्लेली बोलणी. माझा घसा. बायकोचा अबोला, ज्याचा बाजारभाव मला इतक्या वर्षांत कळलेला नाही. आणि लाईची एक भुवई. ती सकाळी अकराला वर गेली ती अजून खाली आलेली नाही.

मशीनचं नुकसान शून्य. मशीन ठणठणीत आहे.

झालं ते एवढंच. आज चांद्र महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे अर्धं ताइनान शहर शाकाहारी. अशा दिवशी सगळी ऑफिसं पेंगताईकडून डबे मागवतात. त्या ऑर्डरी माझा प्रोग्राम घेतो, एका मोठ्या कंपनीच्या मशीनकडे पाठवतो आणि तिथून त्या ज्या त्या दुकानाच्या प्रिंटरवर निघतात. माझ्याकडे अशी अठरा दुकानं आहेत. अकराला लोंढा आला आणि प्रोग्राम बसला. बंद नाही पडला. विचारात पडला. जेवणाची वेळ टळेपर्यंत विचार करत होता.

लाई ही माझ्याकडची एकुलती एक इंजिनिअर. तिच्या मते चूक माझी. मी म्हणे प्रत्येक ऑर्डरीसाठी नवा क्लायंट बनवतो. क्लायंट म्हणजे ऑर्डर घेऊन पळणारी स्कूटर. ती म्हणाली, शेठ, तुम्ही एका डब्यासाठी नवी कोरी स्कूटर घेता, डबा पोचवता आणि स्कूटर गल्लीत तशीच टाकून येता. गर्दीच्या वेळी गल्लीभर स्कूटरी. नवी बाहेर काढायला जागाच नाही.

मी म्हटलं, बाई, मी वीस वर्षं स्कूटरी दुरुस्त केल्या, मला स्कूटर शिकवू नकोस. ती म्हणाली, म्हणूनच स्कूटरचं उदाहरण दिलं.

पेंगताईचं मात्र मनावर घ्यायला हवं. १४ जानेवारीला पौर्णिमा, पुन्हा शाकाहार. त्या दिवशी मंदिर समितीच्या स्वयंसेवकांचे तीनशे डबे तिच्याकडे आहेत. प्रत्येक जण आपल्या फोनवरून मागवणार, सगळे एकाच वेळी. हे काम मिळावं म्हणून ती आठ वर्षं समितीच्या पायऱ्या झिजवत होती. ती म्हणाली, आ-शुई, तुझ्या नखांत ग्रीस होतं तेव्हा मी तुझी पहिली गिऱ्हाईक झाले. पण चौदाला गडबड झाली तर समिती मला सोडेल, मी तुला सोडेन आणि माझ्यामागे अख्खी गल्ली तुला सोडेल.

अख्खी गल्ली म्हणजे माझा अख्खा धंदा. मी म्हटलं, ताई, तीन वर्षांत आपला एक तरी डबा चुकीच्या दारात गेलाय का? ती म्हणाली, नाही. आज तर कुठल्याच दारात गेला नाही.

बाई चिडल्यावर असंच बोलते.

२ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प: कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की लोक सांगतात.

विचारायची गरजही नाही, कारण माझे कान तिखट आहेत. लाई दारात उभी राहून फोनवर कुणाला तरी समजावत होती: एकच क्लायंट बनवायचा, सुरुवातीलाच, आणि सगळ्या थ्रेडनी तोच वापरायचा, काही बिघडत नाही, फक्त—

तोवर मी स्कूटरला किक मारली होती. मला अर्धं वाक्य पुरतं. आयुष्यात मी जे काही झालो ते अर्ध्या वाक्यांवर.

३ जानेवारी, दुपार

झालं काम.

थ्रेड म्हणजे प्रोग्रामचे हात. माझ्या प्रोग्रामला बरेच हात आहेत, मंदिरातल्या हजार हातांच्या कुआनयिन देवीला लाजवतील इतके नाहीत, पण आहेत. आधी प्रत्येक हात स्वतःची नवी स्कूटर काढायचा. आता सगळ्यांत मिळून एक. ज्याला जायचंय त्याने स्कूटरवर आपल्या दुकानाच्या नावाची पट्टी लावायची आणि सुटायचं. पट्टीवर पेंग असेल तर ऑर्डर पेंगताईच्या प्रिंटरवर, काओ असेल तर काओच्या. सोपं. सुंदर. वीस ओळी होत्या तिथे तीन राहिल्या.

स्वतः तपासलं. एक ऑर्डर टाकली. गेली. मग आणखी एक टाकली. तीही गेली. आणखी काय तपासायचं?

सर्व्हरच्या डोक्यावर खाऊचं नवीन हिरवं पाकीट ठेवलं, सगळ्यांत मोठं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात. जुन्याची तारीख संपली होती. ३१ तारखेचं खरं कारण तेच असणार. लाईचा देवावर विश्वास नाही, पण पाकिटावरची तारीख तिने दोनदा वाचली. मग प्रोग्राम वाचायला मागितला. मी दिला नाही. प्रोग्रामला पासवर्ड आहे आणि तो जगात कुणाला ओळखता येणार नाही.

६ जानेवारी

वाऱ्यासारखा पळतोय. अकराचा लोंढा आला कधी, गेला कधी, कळलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, छान, मग कचऱ्याची गाडी आली आहे, खाली जा.

एक किरकोळ गोष्ट. काओचा फोन आला. काओ म्हणजे पेंगताईच्या समोरचा, डुकराच्या पायाचा भात विकणारा. त्याच्या दुकानात टोफूचं नाव काढलेलं चालत नाही. म्हणाला, माझ्या प्रिंटरवर कागद आलाय: टोफू, कांदा-लसूण वर्ज्य, चार डबे. ही थट्टा आहे का?

मी त्याला सांगितलं, काओ, लोकांच्या आवडी बदलतात. दुकानदाराने कान उघडे ठेवावेत.

८ जानेवारी

नव्या पुलाच्या कामावरच्या मुकादमाचा फोन. त्याच्या गड्यांना डुकराच्या पायाचा भात हवा होता, मिळाली मशरूम आणि उकडलेला भोपळा. मुकादम म्हणाला, माझी माणसं सिमेंट उचलतात, ध्यान लावत नाहीत.

मी म्हटलं, भोपळ्यात ताकद असते. त्याने फोन ठेवला. फोन ठेवायची पद्धत हल्ली फार बिघडली आहे.

कारण शोधलं: मुकादमाने चुकीचं बटण दाबलं असणार. हात सिमेंटचे.

९ जानेवारी

दोन फोन. बटणं सगळेच चुकीची दाबतायत.

लाई खुर्ची ओढून समोर बसली. मी नको म्हटलं तरी बोलली. म्हणाली, शेठ, स्कूटर एक केलीत ते बरोबर. पण पट्टी तुम्ही स्कूटरवर लावता. एक हात पेंगची पट्टी लावतो, निघायच्या आत दुसरा हात येतो, ती काढून काओची लावतो. स्कूटर एकच ना? टोफू घेऊन काओकडे जाणारच.

मी म्हटलं, मी तपासलंय, दोनदा. ती म्हणाली, दोनदा एकेकटं तपासलंत. गर्दीत तपासा. लग्नाच्या मांडवात एकटाच माणूस असेल तर चपला बदलत नाहीत.

मी म्हटलं, माझ्या मांडवात चपला बदलत नाहीत. ती उठली. जाताना म्हणाली, चौदा तारखेला तीनशे जोड असतील.

मांडवात दारूही असते. तिने त्याचा विचार केलेला नाही. (हा मुद्दा नेमका कुठे लागू पडतो ते मीही अजून ठरवलेलं नाही.)

१० जानेवारी, सकाळ

पहाटे दात घासताना सुचलं. कुलूप!

एका वेळी एकच हात स्कूटरला हात लावणार. बाकीचे रांगेत. पट्टी लावा, जा, या, पट्टी काढा, मग पुढचा. आता गोंधळ होऊच शकत नाही. हा शोध सर्वस्वी माझा. लाईला म्हटलं, बघ. तिने बघितलं. म्हणाली, गोंधळ होणार नाही, खरंय. आणि मग जे काही होणार नाही त्यात जेवणही आहे.

मत्सर.

१० जानेवारी, उशिरा दुपारी

तांत्रिकदृष्ट्या पूर्ण यश. एकही डबा चुकीच्या दारात गेला नाही.

डबे सगळे पावणेदोनच्या आसपास पोचले. रांग लांब होती. सरकारी कचेरीतल्या बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांनी दरम्यान बिस्किटं खाल्ली, त्यांच्या साहेबांनी दुसऱ्याची बिस्किटं खाल्ली, आणि आता ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, सावकाश जेवणं प्रकृतीला चांगलं. त्या म्हणाल्या, आम्ही जेवलोच नाही आहोत अजून.

पेंगताई स्वतः आली. ओरडली नाही. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. स्टुलावर बसली, सर्व्हरवरचं हिरवं पाकीट बघत राहिली. म्हणाली, समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, तुमचं यंत्र भरवशाचं आहे का. मी हो म्हटलं. तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं, आ-शुई. मग म्हणाली, मी खोटं बोलले का?

मी म्हटलं, ताई, छे.

चहा दिला. तिने घेतला नाही.

११ जानेवारी

कुलूप लहान केलं. शहाणा माणूस शोध लावून थांबत नाही, त्यात सुधारणा करतो. आता फक्त स्कूटर निघताना कुलूप. पट्टी कधी लावायची ते ज्याचं त्याने बघावं. वेग परत आला. अकराचे डबे साडेअकराला दारात.

काओचा फोन: टोफू, सात डबे. म्हणाला, आता मी टोफू करायला शिकू का?

मी म्हटलं, शिक. त्याने आईवरून काहीतरी म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. बायकोने नूडल्स केल्या. जेवताना म्हणाली, लाईला करू दे ना. मी म्हटलं, हा प्रोग्राम मी एकट्याने उभा केला, कुणाच्या शाळेत न जाता. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय. शिकलेल्या माणसाला एक दिवस दे. मी म्हटलं, शिकलेल्या माणसांचं काय, ती पुस्तकातलं बघून सांगतात. ती म्हणाली, आणि तू कशात बघून करतोस? मी म्हटलं, अनुभवात. ती म्हणाली, अनुभवात टोफू काओकडे जातो असं लिहिलंय का?

मला आणखी नूडल्स नको होत्या. घेतल्या.

निर्णय घेतला. १५ तारखेला चांद्र वर्षअखेरची मेजवानी आहे. टेबलावर आख्खी कोंबडी येते आणि जुनी रीत अशी की मालक कोंबडीचं तोंड ज्या नोकराकडे करतो त्याने नवीन वर्षी दुसरीकडे काम बघावं. हल्ली सगळे मालक तोंड स्वतःकडे वळवतात किंवा आचाऱ्याला कापून टाकायला सांगतात. मऊ झालेत. मी लाईकडे करणार. न बोलता. एका कोंबडीत सगळं सांगून होईल.

१३ जानेवारी

लाई पुन्हा आली. या वेळी खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. म्हणाली, शेठ, शेवटचं सांगते. स्कूटर एकच राहू दे. सकाळी एकदा तेलपाणी करा, हवा भरा, आणि मग दिवसभर तिला कुणी हात लावायचा नाही, नुसतं वापरायचं. दुकानाचं नाव स्कूटरवर नको. डब्यावर चिकटवा. प्रत्येक डब्यावर त्याचं त्याचं नाव. मग कितीही हात लागू देत, कुलूपही नको. फक्त हे एवढंच.

हे 'फक्त' कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

बोलणं अगदीच वाईट नव्हतं. पण उद्या चौदा, आणि आदल्या दिवशी चालू इंजिन उघडायचं नसतं हे मी गॅरेजमध्ये शिकलो. तसं सांगितलं. ती म्हणाली, आणि गाडी दरीकडे चालली असेल तर? मी म्हटलं, मग ब्रेक. ती म्हणाली, तुम्ही ब्रेकला कुलूप लावलंय.

दुपारी मेजवानीच्या हॉटेलात गेलो, कोंबडीबद्दल आचाऱ्याशी बोलायला. बराच वेळ लागला. आचारी म्हणाला, शेठ, हल्ली तोंड कापून देतो आम्ही, कुणाचं मन दुखत नाही. मी म्हटलं, मला तोंडासकट पाहिजे. मोठं तोंड.

परत आलो तर ऑफिसात कुणी नव्हतं. दिवा चालू. विजेची नासाडी.

१४ जानेवारी, दुपार

सविस्तर लिहितो. अशी दुपार माणसाला रोज मिळत नाही.

साडेदहाला मी पेंगताईच्या गल्लीत गेलो. आत गेलो नाही. काओच्या आणि तिच्या दुकानांच्या मध्ये स्कूटर लावून उभा राहिलो, हेल्मेट न काढता. माझे कान असे की कुठला प्रिंटर कुणाचा हे मी गल्लीच्या तोंडाशी सांगू शकतो. पेंगताईचा खरखरतो. काओचा शिट्टी मारतो.

अकरा वाजले. हात ओले झाले होते. जॅकेट जाड होतं.

मग पेंगताईचा खरखरायला लागला. थांबेना. एक कागद, दुसरा कागद, कापायला वेळ नाही, लांबलचक पट्टा जमिनीवर लोळायला लागला. मी काओच्या दाराकडे कान लावला. काओही आपल्या प्रिंटरकडे बघत बसला होता, हातात सुरी, टोफूची वाट बघत. प्रिंटर गप्प. एक शिट्टी झाली. मी डोळे मिटले. काओने कागद फाडून वाचला आणि ओरडला, पायाचा भात, तिखट! इतक्या आनंदाने तो कधी ओरडला नसेल.

साडेअकरापर्यंत तीनशे डबे ट्रकमध्ये. समितीच्या बाईंनी यादीला खुणा करत मोजले. बरोबर. पेंगताई बाहेर आली, ॲप्रनने डोळे पुसत होती. म्हणाली, वाफ. मला बघितलं, माझं हेल्मेट बघितलं आणि एक डबा हातात दिला. टोफू. गरम होता. स्कूटरवर बसूनच खाल्ला.

नोंद व्हावी: माझं छोटं कुलूप. ज्याला सगळे हसत होते ते. अख्ख्या गल्लीचं जेवण आज त्या कुलपाने राखलं. इथून पुढे कुणी माझ्यापुढे थ्रेडचा विषय काढला तर मी नुसता हसणार.

कोंबडीचा बेत कायम. यशस्वी माणसाने कठोर असावं.

१५ जानेवारी, मेजवानीनंतर

पोट भरलेलं आहे.

गोल टेबल. मी, बायको, लाई, हिशेबाची आणि फोनची दोन मुलं, आणि मानाची पाहुणी म्हणून पेंगताई. कोंबडी आली. भव्य. आचाऱ्याने सांगितल्याप्रमाणे तोंड बरोबर लाईकडे ठेवलं. लाईने कोंबडीकडे बघितलं, कोंबडीने लाईकडे.

तेवढ्यात पेंगताईला तिच्यासाठी मागवलेला टोफू पाहिजे होता.

पदार्थ ठेवलेली टेबलाची मधली काच फिरते हे मी विसरलो होतो.

तिने काच ओढली. कोंबडी निघाली. हिशेबाच्या मुलापाशी आली, तो खुर्चीत मागे सरकला. बायकोपाशी आली, बायकोने चॉपस्टिकने तिची चोच सरळ केली. मग काच थांबली. टोफू पेंगताईसमोर. तोंड माझ्यासमोर.

लाई म्हणाली, शेठ, उद्यापासून मी येऊ की तुम्ही येताय?

सगळे हसले. मी जास्त हसलो. मालकाने जास्त हसायचं असतं.

मग पेंगताई उभी राहिली, चहाचा पेला उचलला. मी नम्रपणे मान खाली घातली. ती म्हणाली, हा लाईसाठी.

मान वर घेतली. असं कळलं: परवा मी कोंबडीशी बोलत होतो तेव्हा लाई पेंगताईच्या दुकानात गेली. गल्लीतली सगळी माणसं गोळा केली, काओसुद्धा, आणि सांगितलं, एक-दोन-तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम ऑर्डर दाबा. माझ्या कुलपासकट. दर पाचातला एक टोफू काओकडे गेला. काओने म्हणे टाळ्या वाजवल्या. मग तिने नावं डब्यांवर चिकटवली, स्कूटरवरची पट्टी काढून टाकली आणि पुन्हा तीन वेळा सगळ्यांना दाबायला लावलं. सगळं आपापल्या दारात. तिन्ही वेळा. मग तिने ते चालू केलं.

मी म्हटलं, कसं चालू केलं? पासवर्ड?

बायको म्हणाली, मी दिला. पहिल्या स्कूटरचा नंबर. ऑफिसच्या भिंतीवर त्या स्कूटरचा फोटो आहे, नंबर प्लेटसकट. तू स्वतः लावलास.

पेंगताईने माझ्या वाटीत टोफूचा तुकडा टाकला. म्हणाली, आ-शुई, तू तिला कामावर ठेवलंस हे मात्र डोकं लावून केलंस. मी म्हटलं, ताई, माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. लाईची भुवई खाली आली. एकतीस तारखेनंतर पहिल्यांदा.

लाईला बोनस द्यायचा. कोंबडीचं मुंडकं मीच खाल्लं. बरं होतं.

१६ जानेवारी, सकाळ

ऑफिसात कुणी यायच्या आत प्रोग्राम उघडून बघितला. माझं कुलूप आहे तिथेच आहे. लाईने काढलेलं नाही. अकरा वाजता अजूनही ते लागतं आणि उघडतं, लागतं आणि उघडतं. त्याच्या आत काही नाही.